एका जबड्याचे दोन सांधे: उंदीर आणि ऑपॉसमच्या पिल्लांवरच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

प्रश्न: पिल्लाचा जबडा कोणत्या वयापर्यंत कोणत्या सांध्यावर हलतो, आणि एका सांध्याचे काम दुसऱ्याकडे जाते तेव्हा सूक्ष्मदर्शकाखालच्या पातळ छेदात नेमके काय दिसते?

सस्तन प्राण्याच्या खालच्या जबड्याला दोन सांधे लाभतात. पहिला जुना. मेकेलची कूर्चा म्हणजे गर्भाच्या खालच्या जबड्यातली कूर्चेची दांडी; तिच्या मागच्या टोकाची कानातली हातोडी होते, तिला लागून ऐरण असते. सरडा, बेडूक, मासा यांचा जबडा आयुष्यभर ज्या आर्टिक्युलर-क्वाड्रेट सांध्यावर हलतो, तोच हा हातोडी-ऐरणीचा सांधा. दुसरा नवा: दंतास्थीचे, म्हणजे खालच्या जबड्याच्या दात असलेल्या हाडाचे, वरचे गोल टोक, म्हणजे कॉन्डाइल, आणि कवटीच्या स्क्वॅमोसल हाडातली खाच. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडले की जाणवतो तो हाच. कानातली ही हाडे मुळात जबड्याची, हे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ रायखर्टने १८३७मध्ये गर्भांच्या अभ्यासावरून मांडले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गाउपने ती मांडणी पक्की केली. मॉर्गॅन्युकोडॉनसारख्या आद्य प्राण्याच्या जीवाश्मात दोन्ही सांधे एकाच जबड्यावर शेजारी शेजारी आहेत. आजच्या पिल्लात ते एकामागून एक येतात.

साहित्य: प्रयोगशाळेतला उंदीर, गर्भाचे ५ टप्पे आणि जन्मानंतरचे ७. प्रत्येक टप्प्याची ३ डोकी छेदांसाठी आणि २ अखंड रंगवण्यासाठी. सोबत राखाडी आखूड शेपटीच्या ऑपॉसमची (कांगारूच्या गटातला लहान सस्तन प्राणी) साठवणीतली डोकी, ६ टप्पे, प्रत्येकी २. उंदरांची पिल्ले प्राणी-नीती समितीने मान्य केलेल्या दुसऱ्या कामातून उरलेली आहेत. या प्रकल्पासाठी वेगळा प्राणी वापरलेला नाही.

ऑपॉसम घेण्याचे कारण: उंदराचा नवा सांधा गर्भातच आकार घेतो, म्हणून पिल्लाने जुन्या सांध्यावर जबडा हलवला असे उंदरात पाहायला मिळत नाही. ऑपॉसम सुमारे १४ दिवसांच्या गर्भधारणेनंतर जन्मतो, वजन सुमारे ०.१ ग्रॅम, आणि त्या वेळी नवा सांधा अस्तित्वातच नसतो. तरी ते पिल्लू दूध पिते.

६ जानेवारी

वयाची खूण आजच ठरवली, नाहीतर पुढे घोळ होतो. ‘ग’ म्हणजे गर्भदिन. मिलनानंतर मादीच्या योनीत जी गाठ बनते ती दिसलेल्या दिवसाची दुपार ग-०.५ धरायची. ‘ज’ म्हणजे जन्मानंतरचा दिवस. जन्माचा दिवस ज-०. काही ठिकाणी जन्मदिवसाला १ म्हणतात, त्यामुळे जुन्या लेबलांवरचा आकडा ज्याच्या त्याच्या वहीत पडताळूनच घ्यायचा. पहिल्या आठवड्यात एका दिवसाच्या चुकीने मेकेलची कूर्चा अखंड की तुटलेली, हा निष्कर्षच उलटतो.

प्रत्येक पिल्लाचे वजन, डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि एकाच वेळी जन्मलेल्या पिल्लांची संख्या लिहायची. मोठ्या वेतातले लहानखुरे पिल्लू एखादा दिवस मागे असू शकते. तीन डोक्यांत एक वेगळे निघाले तर आधी वजन पाहायचे, मग निष्कर्ष काढायचा.

८ जानेवारी

फिक्सिंग, म्हणजे ऊती आहे त्या स्थितीत टिकवणे. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७.४, ४ अंश सेल्सिअसला २४ तास. द्रावण नमुन्याच्या आकारमानाच्या किमान २० पट. ज-२पासून पुढे डोक्याची कातडी काढूनच बुडवायचे. कातडी ठेवली तर बाहेरचे स्नायू छान फिक्स होतात आणि सांधा, जो चर्वण स्नायूच्या आड खोल बसलेला आहे, तो आतल्या आत कुजू लागतो. ज-१० आणि पुढच्या डोक्यांचा कवटीचा घुमट उघडून मेंदू काढला.

डोके फिक्स होण्याआधी मधोमध चिरायचे नाही. मऊ अवस्थेत चिरले की जबड्याच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकतात, कॉन्डाइल खाचेतून खाली उतरतो आणि मध्ये जी फट दिसते ती आपणच केलेली असते.

तोंड मिटलेले ठेवून फिक्स करायचे. खालचा जबडा वरच्याला सैल दोऱ्याने धरून ठेवला. उघड्या तोंडाने फिक्स झालेल्या डोक्यात कॉन्डाइल पुढे सरकलेला असतो आणि सांध्याच्या दोन हाडांमधल्या चकतीचा मागचा भाग ताणून पातळ दिसतो. मग टप्प्याटप्प्यातली तुलना निरर्थक ठरते.

९ जानेवारी

अखंड रंगवण्याची २४ डोकी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. नवजात पिल्ले ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवली तर कातडी हातमोज्यासारखी निघते. गर्भांना हे करायचे नाही.

१२ जानेवारी

हाडातला चुना काढण्यासाठी ईडीटीए १४ टक्के. १४० ग्रॅम डायसोडियम ईडीटीए १ लिटरला. पावडर तळाशी दह्यासारखी बसते आणि कितीही ढवळली तरी विरघळत नाही. पीएच ८च्या जवळ गेल्यावरच ती विरते. म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे थोडे थोडे टाकत, मीटरकडे लक्ष ठेवत ढवळायचे, आणि विरल्यावर पीएच ७.४ला आणायचा.

ग-१४.५ ते ग-१६.५ला चुना काढायची गरज नाही. ग-१७.५ आणि ग-१८.५ला १ दिवस. ज-०, ज-२, ज-४ला ३ दिवस, ज-७ आणि ज-१०ला सुमारे एक आठवडा, ज-१४ला दोन, ज-२१ला तीन. सर्व ४ अंशांवर, हलत्या तबकडीवर, दर दोन दिवसांनी द्रावण बदलून. आम्लाने हेच काम काही तासांत होते, पण कूर्चेतले प्रोटिओग्लायकन (तिला रंग धरायला लावणारे मोठे रेणू) निघून जातात आणि पुढे ज्या एन्झाइमवर आपली भिस्त आहे ते मरते. वेळ वाचवायचा मोह इथे टाळायचा.

चुना निघाला की नाही हे सुई टोचून पाहू नये, भोक छेदात कायम राहते. क्ष-किरण चित्र घेणे उत्तम. अमोनियम ऑक्झलेटची परीक्षा ईडीटीएत सरळ चालत नाही, कारण कॅल्शियम ईडीटीएने धरून ठेवलेले असते. वापरलेल्या द्रावणाचा पीएच आधी ३.२ ते ३.६वर आणला तरच गढूळपणा काही सांगतो.

१३ जानेवारी

अखंड डोकी: अल्कोहोलमधून काढून एक दिवस अॅसिटोन, चरबी जाण्यासाठी. मग कूर्चा निळी करणारा अल्शियन ब्लू ०.०३ टक्के, ८० भाग ९५ टक्के अल्कोहोल आणि २० भाग ग्लेशियल अॅसेटिक आम्ल. २४ तासांहून जास्त नाही. या द्रावणातले आम्ल हाडाचा चुना खाते, आणि हाडाची पुढची लाल छटा त्या प्रमाणात फिकी पडते. कूर्चा गडद निळी व्हावी म्हणून दोन दिवस ठेवले की नेमके कॉन्डाइलचे नवे कोवळे हाड बेपत्ता होते.

१६ जानेवारी

पोटॅशियम हायड्रॉक्साइड १ टक्का, मग त्याच द्रावणात हाड लाल करणारा ०.००५ टक्के अॅलिझरिन रेड रात्रभर, मग १ टक्का पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि २० टक्के ग्लिसरॉल, पारदर्शक होईपर्यंत.

ग-१४.५चे एक डोके सकाळी तळाशी सुटे पडलेले मिळाले. इतक्या कोवळ्या गर्भाला १ टक्का जास्त होतो. ग-१४.५ आणि ग-१५.५साठी ०.५ टक्का, आणि तेही दर तासाला पाहत. उरलेले डोके वाचले.

१९ जानेवारी

अखंड डोक्यांवरून पहिले चित्र. ग-१४.५ला मेकेलची कूर्चा हनुवटीच्या टोकापासून कानापर्यंत सलग निळी दांडी आहे, मागे फुगून हातोडी होते, तिला ऐरण चिकटून. दंतास्थीचा लाल पत्रा या दांडीच्या बाहेरच्या अंगाला आहे. कॉन्डाइलच्या जागी अजून निळे काही नाही. ग-१५.५ला दंतास्थीच्या वरच्या मागच्या टोकाला वेगळा निळा ठिपका. हाच कॉन्डाइलची कूर्चा.

हा ठिपका मेकेलच्या कूर्चेतून फुटलेला नाही, दोघांत जागा आहे. नवशिक्यांची इथे हमखास चूक होते. कॉन्डाइलची कूर्चा दुय्यम जातीची: ती आधीच सुरू झालेल्या हाडाच्या आवरणातल्या पेशींपासून बनते. उंदरात अशा दुय्यम कूर्चा दंतास्थीच्या कोनालाही आहेत आणि कोरोनॉइडच्या (कॉन्डाइलच्या पुढचे वर आलेले टोक) शेंड्यालाही. कोरोनॉइडची अल्पजीवी आहे. प्राथमिक कूर्चेत आधी कूर्चा आणि मग हाड असा क्रम असतो. इथे एकाच आवरणातल्या पेशी सॉक्स-९ (कूर्चेचे) आणि रन्क्स-२ (हाडाचे) ही दोन्ही जनुके व्यक्त करतात, म्हणजे हाड आणि कूर्चा या दोन्ही वाटा त्यांना मोकळ्या असतात. कूर्चा झाली की ती झपाट्याने फुगीर पेशींच्या अवस्थेला जाते, म्हणूनच इतक्या लवकर तिच्या तळाशी हाड लागते.

२६ जानेवारी

पॅराफिन ब्लॉक, म्हणजे छेद घेण्यासाठी डोके मेणात बसवणे. अल्कोहोलचे टप्पे ५०, ७०, ९०, ९५, १००. झायलीन दोनदा, लहान डोक्यांना प्रत्येकी २० ते ३० मिनिटे. पॅराफिन ५८ ते ६० अंशांवर. झायलीनमध्ये रात्रभर विसरलेले डोके खडूसारखे तुटते.

बसवण्याची दिशा हा या कामाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर. उंदराच्या स्क्वॅमोसलवरची खाच पुढून मागे जाणारी लांबट पन्हळ आहे, पुढे उंचवटा नाही, मागे अडसर नाही. कुरतडताना जबडा पुढे सरकतो आणि दाढांनी दळताना मागे. म्हणून कॉन्डाइलही पुढे-मागे लांबट. समोरून आडवा छेद घेतला की कॉन्डाइलचा गोल कट आणि त्यावर टोपीसारखी चकती दिसते, दोन्ही बाजूंचे सांधे एकाच स्लाइडवर येतात, तुलना सोपी. उभा पुढे-मागे छेद घेतला तर चकतीची पूर्ण लांबी, पुढून येणारा पार्श्व टेरिगॉइड स्नायू आणि मागची सैल ऊती दिसते, पण छेद काही अंशांनी तिरपा झाला की कॉन्डाइल खरा आहे त्याहून लांब आणि कूर्चा जाड भासते.

ठरवले: प्रत्येक टप्प्याची दोन डोकी आडव्या छेदाला, एक उभ्याला. आडव्यासाठी ब्लॉकमध्ये डोके बसवताना दोन्ही डोळ्यांची भिंगे एका पातळीत आणायची. पहिले काही छेद काचेवर घेऊन दोन्ही भिंगे एकाच वेळी येतात का ते पाहायचे. नाही आली तर ब्लॉकचा कोन तेव्हाच सुधारायचा, सांध्यापाशी पोचल्यावर उशीर झालेला असतो.

जाडी ६ मायक्रॉन. ब्लॉक बर्फावर थंड करून. तरंगवायचे पाणी ४२ ते ४५ अंश, लेप दिलेल्या स्लाइडवर. दर दहाव्या छेदाला सॅफ्रानिन-ओ (कूर्चा लाल करणारा रंग), त्याच्या पुढच्याला टारट्रेट-रोधी फॉस्फेटेजची (हाड-कूर्चा खाणाऱ्या पेशींतले एन्झाइम) परीक्षा, बाकीचे न रंगवता पेटीत.

२ फेब्रुवारी

सॅफ्रानिन-ओ आणि फास्ट ग्रीन. वायगर्टचे हिमॅटॉक्सिलिन ५ मिनिटे, पाणी. फास्ट ग्रीन ०.०५ टक्के ५ मिनिटे. १ टक्का अॅसेटिक आम्लात १० ते १५ सेकंद बुडवणे. मध्ये पाण्याने न धुता सरळ सॅफ्रानिन-ओ ०.१ टक्का ५ मिनिटे. मग ९५ टक्के अल्कोहोल झटपट. या अल्कोहोलमध्ये रेंगाळले की लाल रंग उतरतो.

ज-२१ची कॉन्डाइल कूर्चा फिकी आली. वयाने प्रोटिओग्लायकन कमी झाले की तीन आठवड्यांच्या ईडीटीएने नेले, हे या स्लाइडवरून सांगता येत नाही. उपाय: त्याच डोक्याच्या कवटीच्या तळातल्या वाढ-कूर्चेचा छेद त्याच स्लाइडवर घेणे. तीही फिकी असेल तर दोष रसायनाचा. घेतला, तीही फिकीच निघाली. तेव्हा ज-२१ची लाल छटा मोजणीत धरायची नाही. थरांची मांडणी मात्र वापरता येते. दोनच आठवडे ईडीटीएत राहिलेल्या ज-१४ची छटा ठीक आहे.

४ फेब्रुवारी

ग-१४.५ ते ग-१८.५चे वाचन.

ग-१४.५: दोन बाजूंना पेशींची दोन दाटणे, एक दंतास्थीच्या टोकाला, एक स्क्वॅमोसलच्या खाली. मध्ये सैल मध्यऊती. सांधा म्हणावे असे काही नाही.

ग-१५.५: कॉन्डाइलच्या टोकाला कूर्चा-पेशी. खाचेची बाजू मागे आहे. कॉन्डाइल कूर्चेतून वाढतो, खाच मुख्यत्वे थेट हाडातून, म्हणून दोघांची चाल सारखी नाही. दोन्ही हाडे एकमेकांपासून दूर सुरू होऊन वाढत वाढत जवळ येतात. गुडघ्यासारख्या सांध्यात एकाच सलग कूर्चेच्या मधोमध फट पडून दोन हाडे सुटी होतात. इथे दोन अनोळखी हाडे येऊन भेटतात. हा फरक मनात पक्का ठेवला नाही तर गुडघ्याचे नियम इथे लावले जातात आणि काहीच जुळत नाही.

ग-१६.५: कॉन्डाइलच्या डोक्यावर चपट्या पेशींचा दाट पट्टा. चकतीची सुरुवात. अजून ती कॉन्डाइलला चिकटलेली आहे.

ग-१७.५: पट्टा वेगळा ओळखू येतो, फटी जागोजाग.

ग-१८.५: चकतीच्या वर आणि खाली दोन्ही पोकळ्या.

माणसात हाच प्रवास फार आधी सुरू होऊन आठवड्यांत पसरतो: सातव्या-आठव्या आठवड्यात दाटणे, नवव्याच्या सुमारास खालची पोकळी, अकराव्याच्या सुमारास वरची, बाराव्यानंतर पक्व होणे. माणसाचे बाळ त्यामुळे दोन्ही पोकळ्या असलेला सांधा घेऊनच जन्मते. खाच मात्र तेव्हा जवळजवळ सपाट असते; पुढचा उंचवटा दात येऊ लागल्यावर घडतो.

५ फेब्रुवारी

कालच्या वाचनावर दुरुस्ती. ग-१६.५च्या एका डोक्यात उजव्या बाजूला ‘पोकळी’ नोंदली होती, डावीकडे नव्हती. पुन्हा तेलाच्या भिंगाखाली पाहिले. कडा फाटक्या, काठावर तुटलेले तंतू लोंबताहेत, पेशींची अर्धी केंद्रके उघडी. ती छेद घेताना पडलेली चीर आहे. पोकळीची नोंद खोडली.

खरी पोकळी ओळखायची खूण: दोन्ही काठ गुळगुळीत, काठाला समांतर झोपलेल्या चपट्या पेशी, आणि लागोपाठच्या ५-६ छेदांत त्याच जागी तीच कड. चीर बहुधा मऊ आणि कडक ऊतींच्या सीमेवर पडते, एखाद्या छेदात असते आणि पुढच्यात नाहीशी होते. सांध्याच्या पोकळीचे वय एकाच छेदावरून सांगणाऱ्या नोंदीवर भरवसा ठेवता येत नाही, स्वतःच्यासुद्धा.

६ फेब्रुवारी

चकती कशामुळे सुटी होते? दोन गोष्टी ठाम माहीत आहेत. एक, इंडियन हेजहॉग हा संकेत कॉन्डाइलच्या कूर्चेतून येतो, आणि तो नसलेल्या उंदरांत चकती बनत नाही. दोन, हालचाल. स्नायू न बनणाऱ्या उंदरांच्या गर्भांत कॉन्डाइलची दुय्यम कूर्चा खुरटते, आणि मेकेलच्या प्राथमिक कूर्चेवर तितका परिणाम होत नाही. म्हणजे पिल्लू दूध पिण्याच्या आधी, गर्भातच तोंड उघडझाप करते तेव्हापासून हा सांधा वापराने घडत असतो. सुरुवातीचा आराखडा मात्र हालचालीविनाही पडतो.

११ फेब्रुवारी

ज-० ते ज-७, मेकेलची कूर्चा. मालिकेतला सर्वांत भरीव भाग.

ही दांडी एकाच पद्धतीने नाहीशी होत नाही, आणि ‘मेकेलची कूर्चा विरघळते’ असे सरसकट लिहिणे चूक आहे. मागचे टोक हातोडी होऊन टिकते. दंतास्थीच्या आतला भाग जन्माआधीच खाल्ला जाऊ लागतो, काही जागी त्याच्या साच्यावर हाड येते. हातोडी आणि दंतास्थी यांच्या मधला तुकडा, आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचा तो हाच, आधी कूर्चाच असतो आणि पुढे त्याचे आवरण उरून अस्थिबंध होतो: स्फीनॉइडपासून जबड्याच्या आतल्या अंगाला जाणारा बंध आणि हातोडीचा पुढचा बंध. पुढचे, हनुवटीकडचे टोक वेगळ्याच वाटेने जाते.

ज-०ला मधला तुकडा सलग, लाल, पेशी निरोगी. ज-२ला फॉस्फेटेजचे गडद दाणेदार पेशी-पुंजके तुकड्याच्या काठावर, एका पेशीत अनेक केंद्रके. हे कूर्चा खाणारे क्लास्ट. ज-४ला तुकडा बारीक आणि खंडित. ज-७ला जागी लांबट तंतुपेशी, सॅफ्रानिनला प्रतिसाद नाही.

क्लास्टची गरज खरी आहे की ते फक्त साफसफाईला येतात? सी-फॉस जनुक नसलेल्या उंदरांत क्लास्ट बनतच नाहीत, आणि त्यांच्यात मेकेलची कूर्चा हातोडीपासून दंतास्थीपर्यंत जोडलेलीच राहते. डायनोसॉरांच्या क्रिटेशस काळातल्या लियाओकोनोडॉनसारख्या सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांत अशीच जोडणी, हाड झालेली, दिसते. एका पेशी-जातीच्या कामात एवढा जुना टप्पा दडलेला आहे, ही गोष्ट या मालिकेतली सगळ्यात मोलाची वाटते.

फॉस्फेटेजची परीक्षा: ५० मिलिमोलर टारट्रेट, पीएच ५.०, ३७ अंशांवर ३० मिनिटांपासून पाहत राहायचे, एक तासाच्या वर न्यायचे नाही. जास्त वेळाने सगळी पार्श्वभूमी लालसर होते आणि मॅक्रोफेजही (कचरा गिळणाऱ्या पेशी) क्लास्ट भासतात. निर्णय घेताना रंग आणि एकाहून अधिक केंद्रके, दोन्ही अटी.

१३ फेब्रुवारी

कानाकडे एक नजर. उंदराला ऐकू येऊ लागते ते जन्मानंतर सुमारे १२ दिवसांनी. मेकेलची कूर्चा तुटणे पहिल्या आठवड्यातच उरकलेले असते. जबड्याला बांधलेली हातोडी कंप मोकळेपणी पुढे देऊ शकत नाही, म्हणून हा क्रम उलटा असता तर चालला नसता.

१८ फेब्रुवारी

सूक्ष्म सीटी, ज-०, ज-७, ज-२१. ज-०च्या चित्रात कॉन्डाइल आणि खाचेत प्रचंड अंतर दिसते. ते सांध्याचे अंतर नाही. कॉन्डाइलचे टोक अजून कूर्चा आहे आणि कूर्चा क्ष-किरणांना जवळजवळ पारदर्शक. हे अंतर वयाबरोबर घटताना दिसते त्यातले बरेचसे फक्त हाड वर चढल्याचे आहे. सीटीवरून ‘सांध्यातील जागा’ मोजून ती मालिकेत मांडायची नाही, असे ठरले.

मऊ ऊतींसाठी ०.३ टक्के फॉस्फोटंगस्टिक आम्ल, ७० टक्के अल्कोहोलमध्ये. ज-०ला साधारण आठवडा. आयोडीन लवकर मुरते, पण ऊती आक्रसतात आणि चकती खाचेपासून सुटल्यासारखी दिसते.

२३ फेब्रुवारी

ज-७ ते ज-२१, कॉन्डाइलचे थर. वरून खाली: तंतुमय आवरण, त्याखाली विभाजन करणाऱ्या पेशींचा थर, मग चपट्या कूर्चापेशी, मग फुगीर पेशी, मग हाड. सांध्याचा पृष्ठभाग तंतुमय आहे, काचेसारख्या कूर्चेचा नाही. टाइप १ कोलॅजन वर, टाइप २ आणि टाइप १० खाली. विभाजनाचा थर पृष्ठभागाच्या अगदी खाली असल्याने इथली वाढ कोणत्याही दिशेला वळू शकते. लांब हाडाच्या वाढ-कूर्चेत पेशी रांगेत उभ्या असतात, इथे रांगा नाहीत. ‘रांगा विस्कटलेल्या’ असे लिहून त्याला विकृती ठरवणारी एक जुनी नोंद पेटीत होती. ती खोडून योग्य वर्णन लिहिले.

ज-१४ ते ज-२१मध्ये मोठा बदल. समोरचे दात दुसऱ्या आठवड्यात, पहिली दाढ तिसऱ्या आठवड्यात बाहेर येते, आणि साधारण २१ दिवसांना दूध सुटते. याच काळात विभाजनाचा थर पातळ होतो, फुगीर पेशींखालचे हाड दाट होते, चकतीतल्या तंतूंची दिशा पक्की होते. ज-१४ला चकती अजून पेशींनी भरलेली, ज-२१ला तंतू अधिक आणि पेशी विरळ.

दूध तोडल्यावर फक्त चूर्ण किंवा मऊ खाद्य दिलेल्या उंदीर-वर्गातल्या प्राण्यांत कॉन्डाइलची कूर्चा पातळ राहते, हे अनेक प्रयोगांत दिसलेले आहे. त्यामुळे ज-२१च्या पुढे मालिका वाढवायची तर खाद्याचा प्रकार लेबलवर लिहिणे आवश्यक.

२ मार्च

ऑपॉसमची डोकी. जन्मदिवस, ५, १०, १४, २०, २७.

साठवण ७० टक्के अल्कोहोलमध्ये लांबलेली. फॉस्फेटेजची परीक्षा कोरी आली. शेजारच्या दातांच्या खाचांतले क्लास्टही रंगले नाहीत, म्हणजे एन्झाइमच गेलेले. ऑपॉसमच्या क्लास्टची ओळख फक्त आकार आणि केंद्रकांवरून, साध्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनमध्ये.

जन्मदिवस: जबड्यात मेकेलची जाड सलग कूर्चा, मागे हातोडी आणि ऐरण, दोघींमध्ये सांधा. दंतास्थी पातळ हाड म्हणून सुरू झालेली, पण तिचे वरचे टोक स्क्वॅमोसलपासून दूर, मध्ये मध्यऊती. कॉन्डाइलची कूर्चा नाही. जीभ मोठी, तोंडाच्या कडा जवळजवळ मिटलेल्या, आत स्तनाग्र घट्ट धरायला गोल जागा. या पिल्लाचा जबडा हलतो तो जुन्या साधनावर, आणि कूर्चेची दांडीच आधार देते.

५: तेच चित्र, दंतास्थी जाड.

१०: दंतास्थीच्या टोकाला कूर्चा. स्क्वॅमोसल जवळ येत आहे.

१४: दोन्ही हाडे समोरासमोर, मध्ये दाट पेशींचा पट्टा. एका डोक्यात पट्टा स्पष्ट, दुसऱ्यात नाही. दोनच डोकी असल्याने ‘१४व्या दिवशी’ असे न लिहिता ‘दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपासून’ लिहायचे.

२०: सांधा ओळखू येतो, चकती आहे. मेकेलचा मधला तुकडा क्षीण.

२७: मधला तुकडा तंतुमय. हातोडी जबड्यापासून सुटी.

उंदराशी दिवसाला दिवस जुळवू नये. ऑपॉसमचा जन्म आणि उंदराचा जन्म हे विकासाचे निरनिराळे टप्पे आहेत. नवजात ऑपॉसमचे डोके उंदराच्या ग-१४.५च्या मालिकेजवळ ठेवले तर अधिक अर्थ लागतो, ज-०जवळ ठेवले तर दिशाभूल होते. जुळवणी हाडांच्या अवस्थेवर करायची: कॉन्डाइलची कूर्चा दिसणे, दोन हाडे समोर येणे, चकती सुटणे, मेकेल तुटणे. या चार खुणा दोन्ही प्राण्यांत याच क्रमाने आहेत. जन्माची रेघ मात्र उंदरात तिसरी आणि चौथी यांच्या मध्ये पडते, ऑपॉसममध्ये पहिलीच्याही आधी.

५ मार्च

अंडी घालणाऱ्या सस्तनांचे नमुने आपल्याकडे नाहीत, तरी तुलनेच्या तक्त्यात एक ओळ ठेवली: प्लॅटिपस आणि एकिड्ना यांच्या प्रौढ सांध्यात चकती नसते, पण पिल्लांत तिची अल्पकालीन खूण दिसते. म्हणून ‘चकती नंतर उत्क्रांत झाली’ असे प्रौढ सांध्यावरून ठरवता येत नाही.

त्याच तक्त्यात उंदरासमोर ठळक टीप: पन्हळीसारखी खाच, उंचवटा नाही. माणसातल्या उंचवट्याची वाढ किंवा चकती पुढे सरकण्याचा आजार या मालिकेवरून समजावून सांगायचा नाही. दुय्यम कूर्चा, चकती सुटणे, मेकेल तुटणे यांसाठी उंदीर उत्तम.

९ मार्च

न रंगवलेले छेद: पेटी १ ते ९, कोरड्या डब्यात सिलिका जेलसह. ब्लॉकच्या कापलेल्या तोंडावर वितळलेल्या पॅराफिनचा थर दिला. ग-१६.५चे तिसरे डोके अजून कापलेले नाही. ते उभ्या छेदासाठी ठेवले आहे, पार्श्व टेरिगॉइडचा कंडरा चकतीच्या पट्ट्यात कसा मिसळतो ते पाहण्यासाठी, आणि सुरुवात बाहेरच्या बाजूने करायची.